इथे हसू नये

मंगळवार, १२ नोव्हेंबर. क्रातिये

सत्यानाश! विबोलची आत्या बरोबर येणार!

किती दिवस मी आणि कानिथा बेत करतोय — जलोत्सवाला थेट राजधानीत, नोम पेन्हला! पाठीवर सॅक, परदेशी पोरं उतरतात तसलं लॉज, एका खोलीत पलंगांवर पलंग, आणि मनाला येईल तिकडे भटकायचं. लग्नाआधी एकदाच! जानेवारीत लग्न. मग काय, आईची बांबूतल्या भाताची गाडी सुटणार आणि सासूबाईंचं दुकान गळ्यात पडणार. आई हो म्हणाली. विबोलही हो म्हणाला — म्हणजे "बरं" म्हणाला. तो तेवढंच म्हणतो. आणि आज संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे आली, चहा प्याली, आणि एकदम गोड आवाजात — "जा की पोरी. आमच्या सारिनताई येतील सोबतीला."

सारिन-आत्या! विबोलच्या वडिलांची थोरली बहीण. साठी उलटलेली, लग्न केलेलं नाही, नदीकाठी एकटीने पपनसांची बाग राखते. तिला हसताना आख्ख्या क्रातियेत कुणी पाहिलेलं नाही. माझ्या साखरपुड्यात सगळा मांडव नाचत होता, आणि ही खुर्चीत ताठ — जशी काही वीज तोडायला आलीय.

कानिथाला फोन केला. ती म्हणाली, "हेर आहे ती, तेवी. तू कशी वागतेस ते बघून सासूला सांगणार. लग्न मोडलं तर तुझ्या त्या निळ्या चपला मला."

मैत्रीण म्हणे!

बुधवार, १३ नोव्हेंबर. नोम पेन्ह!!

पोचलो! अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण खालच्या पलंगावर कानिथा पाय आपटत गातेय आणि सगळा सांगाडा हलतोय.

सकाळी थांब्यावर आत्या आधीच उभी. पाठीवर तांदळाचं पोतं! म्हणजे पोत्याचीच सॅक — स्वतः शिवलेली, दोन पट्टे लावून, आणि मागे लाल अक्षरांत 'उत्तम सुवासिक, पन्नास किलो'. कानिथा माझ्या कानाशी, "सुवासिक आहेत का विचार." मी हसू दाबलं, ते नाकातून निघालं. आत्याने पाहिलं. झालं, पहिला गुन्हा नोंदवला गेला.

वाटेभर एक शब्द नाही. वाटेत स्कुनच्या थांब्यावर सगळी गाडी तळलेले कोळी खायला उतरली, ही बसून. पण पूल आला, नदी दिसली, तशी खिडकीला नाक लावून बसली ती थेट उतरेपर्यंत.

लॉजवर मजाच! काउंटरवरच्या पोरीने आमच्या सॅक बघितल्या आणि धाडधाड इंग्रजीत सुरू. मी म्हटलं, "अगं ताई, आम्ही क्रातियेच्या."

"अय्या! मग इथे नातेवाईक नाहीत का कुणी?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "नातेवाइकांकडे वरचा पलंग मिळत नाही."

कानिथाने माझ्याकडे पाहिलं, मी कानिथाकडे. हा विनोद होता? तोंडावरची रेषही हलली नव्हती! आणि मग ती खरंच वरच्या पलंगावर चढली — चपला दातात धरून! आमच्या दोघींची हात लावायची हिंमत झाली नाही.

अजून संपलं नाही. शेजारच्या पलंगावर फ्रान्सची एक लांबलचक पोरगी आहे, क्लेमांस. ती आपल्या भाषेत स्वतःशी काहीतरी पुटपुटत सॅक उपसत होती. अचानक वरून आवाज आला — फ्रेंचमध्ये! क्लेमांस आ वासून वर बघत राहिली आणि मग पलंगावर अशी लोळली की मला वाटलं हिला काही झालं. शेवटी तिने फोनवर अर्थ काढून दाखवला. आत्या म्हणाली होती — 'सरांची टोपी टेबलावर आहे.'

क्लेमांसने काहीतरी विचारलं. आत्या तितक्याच गंभीरपणे — 'नाही. सरांची टोपी टेबलाखाली आहे.'

"आत्या! तुम्हाला फ्रेंच येतं?"

"टोपीपुरतं."

"कुठे शिकलात?"

"शाळेत." आणि चादर डोक्यावर ओढली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पायांचे तुकडे पडलेत. जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळत नाही. काय दिवस!

सकाळी काउंटरवरची पोरगी एकेका गोऱ्याला विचारत होती, आज कुठे, आज कुठे. सगळे पहिल्या दिवशी तिथेच जातात — तुओल स्लेंगला, त्या राजवटीत हजारोंना छळून मारलं त्या तुरुंगात, आता संग्रहालय आहे तिथे. पाण्याची बाटली, टोपी, तोंडं आधीच उतरलेली. आमच्याकडे वळून पोरगी म्हणाली, "तुम्ही?" मला शाळेतून एकदा नेलं होतं, पुन्हा नको. आत्या म्हणाली, "मी जिवंत माणसं बघायला आलेय." विषय संपला.

मग मॉल! सरकता जिना! आत्या वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली. आम्ही आईस्क्रीम संपवलं, ही चालूच. शेवटी रखवालदार आला — "आजी, काही हरवलंय का?"

"हो. गुडघेदुखी. मघाशी वर जाताना होती."

तो बिचारा खरंच वर बघायला लागला! कानिथाची हसून हसून मुरकुंडी वळली, फरशीवरच बसली. आणि आत्या? छे. दगड. पण मला आता संशय यायला लागलाय — हिला आतून हसू येत असणार. फक्त बाहेर यायचं दार सापडत नाही.

दुपारी नदीवर, नावांच्या शर्यतींना. माणूसच माणूस! भुईमूग, उकडलेली कणसं, उसाचा रस, बाळं खांद्यावर. आमच्या क्रातियेची नाव पाण्यात आली आणि माझ्या शेजारून असा आवाज निघाला की पुढची तीन कुटुंबं मागे वळली. आत्या! बागेतली माकडं हाकलायचा आवाज तो! "ओढा रे! भात खाल्लाय की भुसा? ओढा!" नाव हरली. आत्याच्या मते पलीकडच्या नावेत दोन माणसं जास्त होती. कानिथाच्या मते पंच आंधळा होता. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडून ओरडले.

एक गोष्ट. परत येताना रस्ता बंद होता, गर्दीत आम्ही अडकलो. आत्या म्हणाली, "इकडून," आणि बाजारामागच्या एका बोळात शिरली. डावीकडे, उजवीकडे, एका देवळाच्या मागून — आणि आम्ही बरोब्बर लॉजच्या रस्त्यावर.

"आत्या, तुम्ही आधी आला होता इथे?"

"लहानपणी."

"म्हणजे कधी?"

"म्हणजे लहान होते तेव्हा."

विबोलचा फोन आला. म्हटलं, तुझ्या आत्याने आज सरकत्या जिन्याचा जीव घेतला. तो म्हणाला, "बरं." मग थोडं थांबून — "कशी आहे ती?" तू कशी आहेस, नाही! ती कशी आहे!

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज आत्या नाचली!! नदीकाठी संध्याकाळी बायका गाणं लावून व्यायाम करतात तिथे, पाठीवर पोत्याची सॅक तशीच, सगळ्यांच्या एक ठोका मागे. पुढच्या बाईने मागे वळून सांगितलं, "ताई, उजवा पाय." आत्या म्हणाली, "उजवाच आहे, फक्त उशिरा येतोय."

मग काठावर बसलो. कानिथा कणीस आणायला गेली तेव्हा आत्याने एकदम विचारलं, "विबोल तुला आवडतो का?"

हेरगिरी सुरू! म्हटलं, "चांगला आहे."

"चांगला तर आमचा बैल पण होता."

खरं सांगायचं तर मला माहीतच नाही. आईने ठरवलं, माणसं बरी, मुलगा कष्टाळू, दारू नाही. आणि 'बरं'. आयुष्यभर 'बरं' ऐकायचं म्हणजे काय होत असेल माणसाचं? हे आत्याला बोलले नाही. पण तिने मान हलवली, जणू बोलले.

लॉजवर आलो तर क्लेमांस पायरीवर बसलेली. डोळे सुजलेले. ती आज तुओल स्लेंगला जाऊन आली होती. कानिथाने पाणी दिलं, मी पाठीवर हात ठेवला. आत्याने पोत्यातून पपनस काढलं, सोललं, फोड फोड सुटी करून तिच्या हातावर ठेवली. तिने खाल्लं आणि फोनवर काहीतरी लिहून दाखवलं. मी आत्याला वाचून दाखवलं — 'तिथे एक पाटी आहे. हसऱ्या चेहऱ्यावर लाल काट मारलेली, हसू नये म्हणून. मला ती पाटी बघूनच रडू आलं. तिथे कुणाला हसू येईल?'

आत्याचे हात थांबले.

"कुठे लावलीय?"

"तिथेच, आवारात."

"कोणत्या इमारतीवर?"

क्लेमांसला सांगता येईना. आत्याने साली गोळा करून पोत्यात भरल्या. मग म्हणाली, "उद्या जाऊ."

पौर्णिमा होती. लॉजच्या गच्चीवर काउंटरवालीने चंद्राला ताट मांडलं — कोवळ्या भाताचे पोहे, केळी, नारळ. चंद्राकडे तोंड करून आ करायचा आणि दुसऱ्याने पोहे कोंबायचे. आत्याने माझ्या तोंडात इतके कोंबले की नाकातून यायला लागले. क्लेमांसच्याही कोंबले. ती रडत रडत चावत होती, चावत चावत हसायला लागली. अगं बाई, चंद्र इतका मोठा होता! शहराच्या डोक्यावर टेकला होता!

शनिवार, १६ नोव्हेंबर

नीट लिहायला हवं हे.

सकाळी रिक्षाने गेलो. आपल्या माणसांना तिकीट नाही. आवारात सगळे कानांत यंत्रं लावून, खाली मान घालून फिरत होते. झाडाचं पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. खोल्यांत काय आहे ते मी लिहीत नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आत्या कुठल्याच खोलीत डोकावली नाही. सरळ आवार ओलांडून पलीकडच्या इमारतीकडे, जिना चढून वर, व्हरांड्याने शेवटच्या दारापर्यंत. ती पाटी तिथेच होती. हसरं तोंड, वर लाल काट. आत्या पाटीसमोर उभी राहिली. मला वाटलं, रडणार. मी हात पुढे केला.

आणि ती हसली.

आधी खांदे हलले. मग तोंडावर हात ठेवला. मग हाताला आवरेना! खिदळली — आत्या, सारिन-आत्या, एखाद्या शाळकरी पोरीसारखी खिदळली, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी! सगळे वळून बघायला लागले. एका गोऱ्या माणसाने डोळे वटारले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानिथा म्हणाली, "आत्या, अहो आत्या, इथे नको —"

तिथे कामाला असलेली एक बाई धावत आली. "आजी, इथे हसायचं नसतं."

"माहीत आहे गं," आत्या श्वास घेत म्हणाली. "मला वर्गाबाहेर उभं करणार ना? कर. याच भिंतीला उभी राहायचे मी. ही माझी जागा. ती फल्लाची."

बाईने त्या दाराकडे पाहिलं, मग आत्याकडे.

मग त्या बाईने हळूच विचारलं, "कितवीत होता आजी?"

"सातवीत. हा आमचा वर्ग. खिडकीकडचा तिसरा बाक."

शाळा! तुरुंग व्हायच्या आधी शाळाच होती ना ती! पुस्तकात वाचलंय मी, परीक्षेत लिहिलंय, 'पूर्वीची शाळा'. पण शाळा म्हटलं की त्यात पोरी असणार, त्या पोरी कुठेतरी मोठ्या झाल्या असणार, त्यातली एक पपनसं विकत असेल — हे कधी डोक्यातच आलं नाही!

आत्या सांगत सुटली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. फ्रेंचच्या सरांना टक्कल होतं, ते झाकायला टोपी. फल्लाने ती टोपी लपवली. सर चिडून विचारतात, टोपी कुठे आहे? वर्ग चिडीचूप. आणि आत्याला त्या दिवशीचा धडा इतका पाठ होता, इतका पाठ होता, की उभं राहून शुद्ध फ्रेंचमध्ये — 'सरांची टोपी टेबलाखाली आहे!' दोघींना बाहेर काढलं. बाहेर उभं राहूनही हसू थांबेना, तर आणखी एक तास. "रोज कशावरून तरी बाहेर असायचो. सर म्हणायचे, तुम्हा दोघींसाठी इथे पाटीच लावतो, हसू नये म्हणून." आत्याने त्या पाटीकडे पाहिलं. "लावली शेवटी."

ती काम करणारी बाई तोंड फिरवून हसत होती. देवाशपथ! गाल पुसत होती आणि हसत होती. कोपऱ्यातली एक खुर्ची तिने आत्यासाठी आणून ठेवली, व्हरांड्यात. त्या भिंतीपाशी.

मी विचारलं, "आणि फल्ला?"

"बंदूकवाल्यांनी सगळं शहर रिकामं केलं त्या दिवशी तिच्या गल्लीला दक्षिणेकडे हाकललं. आमच्या गल्लीला उत्तरेकडे. वळून बघायची सोय नव्हती."

खाली कैद्यांच्या फोटोंची दालनं आहेत. ती काम करणारी बाई म्हणाली, "आजी, तिथे बघायचं असेल तर मी बरोबर येते." आत्या म्हणाली, "नको. माझ्याकडे आहे तिचा चेहरा. तो बारा वर्षांचा आहे. त्यावर दुसरा नको."

मग मी ते विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक — आमच्याकडे कुणालाही भेटलं की पहिलं हेच विचारतात म्हणून असेल. "आत्या, तिचं गाव कुठलं?"

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "ताकेओकडे. हातमागांचं गाव. एका नवीन वर्षाला मी गेले होते तिच्या आजीकडे. दारात चिंच होती."

"मग तुम्ही कधी गेला नाही? नंतर? एवढ्या वर्षांत?"

"गेले असते तर कळलं असतं," ती म्हणाली.

परत यायला रिक्षात बसलो. मध्येच आत्याला पुन्हा हसू फुटलं, तिचं बघून कानिथाला, कानिथाचं बघून मला, आणि आमचं बघून रिक्षावाल्याला. तो म्हणाला, "मला पण सांगा की मावशी!" सांगितलं. सिग्नल हिरवा झाला तरी तो टोपीवर हसतच होता.

रविवार, १७ नोव्हेंबर. गाडीत

क्रातियेच्या गाडीत नाही!

सकाळी थांब्यावर आलो, सॅक टपावर चढल्या. आत्याची चढेना. आत्या पलीकडच्या गाडीपाशी उभी — ताकेओ. हातात तिकीट.

"तुम्ही जा गं पोरींनो. मी आले जाऊन."

"एकट्या?"

"पोतं आहे की."

कानिथाला सुट्टी नाही, उद्या कामावर जायलाच हवं. ती खिडकीतून नुसती हात हलवतेय, ओरडतेय, "तेवी! तू काय करणार?" आणि मला डोळ्यांपुढे सासूबाई दिसायला लागल्या. सोबतीला दिलेली आत्याच हरवून आली ही! मी विबोलला फोन लावला. एका दमात सांगितलं — शाळा, पाटी, फल्ला, ताकेओ, सगळं. मला वाटलं, आता 'बरं' आलं.

"आत्या हसली?" तो म्हणाला.

"हो."

"मोठ्याने?"

"सगळे बघायला लागले इतकी."

मग त्याचा आवाज वेगळाच — "मी लहान असताना तिला हसवायचे खेळ करायचो. माकड व्हायचो. एकदाही जमलं नाही." मग घाईने, "तेवी, तू जा तिच्याबरोबर. तिला गाडी लागते, खिडकीशी बसव. आल्याचा तुकडा दे तोंडात. आईला मी बघतो."

"काय सांगशील?"

"काहीतरी सांगेन. बोलता येतं मला." आणि मग — "जास्त नाही. पण येतं."

टपावरून सॅक खाली ओढली ती कशी, ते कानिथालाच ठाऊक. ती टाळ्या वाजवत होती. आता आत्या खिडकीशी आहे, तोंडात आलं आहे, आणि गाडी दक्षिणेकडे धावतेय. आत्या रस्त्याच्या कडेची एकेक पाटी मोठ्याने वाचतेय. मला उगीचच गाणं म्हणावंसं वाटतंय! विबोल माकड व्हायचा!

बुधवार, २० नोव्हेंबर. ताकेओपलीकडे

दोन गावं चुकलो. तिसऱ्यात सापडली. फल्ला जिवंत आहे! माग चालवते, घर नातवंडांनी भरलंय.

तिने आम्हाला पाहुण्यांसारखं बसवलं, पाणी दिलं, हात जोडून विचारलं, "कुठल्या तुम्ही?" आत्याने नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिची सून आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, तेव्हा रानात कामाला जुंपलं असताना ताप आला होता मोठा, त्याच्या आधीचं काहीच उरलं नाही आईंना. ना शाळा, ना शहर.

मला रडू फुटलं. आत्या मागाशेजारी मांडी घालून बसली. फल्लाचा हात हातात घेतला.

"राहू दे गं," म्हणाली. "मला दोघींचं आठवतंय."